अकरा वेळा शून्य

"…पण मग निबंधावर सही का नाही करत, बाई?"

हणमंत चौगुलेने तिसऱ्यांदा विचारलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो सहा वर्षं पीएच.डी.साठी खपत होता. शोधनिबंध आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता, आणि त्याच्या मार्गदर्शक हर्डीकरबाई आपल्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत बसल्या होत्या.

"किती वेळा मोजलंस?"

"अकरा वेळा! अकराही वेळा शून्य."

नखाएवढ्या चकतीवर त्याने एक लेप चढवला होता, केसाहून कितीतरी पातळ. उणे नव्वद अंशांना त्यातला विजेचा रोध पार नाहीसा व्हायचा. एरवी याला कितीतरी जास्त थंडी लागते; साध्या हवेच्या दाबात, इतक्या थोडक्या थंडीत असं कुणी पाहिलं नव्हतं. खरं ठरलं तर पठ्ठ्याचं नाव जगभर होणार होतं. विभागात पेढे तर कालच वाटून झाले होते. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!

"बेंगळुरूवालेही याच्याच मागे आहेत, ते आधी छापतील, बाई. मग बसू आपण हात चोळत."

"चल, मोजू."

हणमंताचा चेहरा खुलला. प्रयोगशाळेत येऊन त्याने चकती पकडीत बसवली, चार तारांची टोकं तिच्यावर टेकवली, द्रव नायट्रोजनचं भांडं पुढे ओढलं.

बाई पुढे झाल्या. चिमट्याने चकती अलगद उचलली आणि डबीत ठेवून दिली.

"आता मोज."

"काय मोजू? पकड रिकामी आहे!"

"असू दे."

बाईंचं वय झालं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण त्यांच्यापुढे आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं. त्याने निमूटपणे पकड भांड्यात सोडायला सुरुवात केली.

रोधाच्या मीटरवरचे आकडे सैरावैरा पळत होते. तापमान उतरत गेलं. उणे साठ… उणे ऐंशी…

"बघा, काहीच नाही," तो म्हणाला.

उणे नव्वद.

आकडे थांबले. शून्य.

हणमंताने मीटरला टिचकी मारली. शून्यच. पकड वर ओढून तो वाकून पाहू लागला. थंडीने आखडून मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. त्यांच्यावरचं वीज अडवणारं वार्निश कधीचं घासून गेलं होतं. पकड तीच, तारा त्याच; अकराही वेळा मोजलं गेलं ते तारांचं टेकणंच!

"मेलो…" तो स्टुलावर बसला आणि सरळ रडू लागला. एवढा दांडगा गडी, पण लाज वाटायचं भान राहिलं नाही. काय तोंड दाखवायचं आता लोकांना?

बाईंनी त्याला रडू दिलं.

साडेचार वाजले. हणमंताने डोळे पुसले, निबंधाची पानं टराटरा फाडली, आणि चकतीची डबीसुद्धा केराच्या टोपलीत टाकायला निघाला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"सोडा, बाई. काय करायची आता ही? खोटी निघाली."

"खोटी?… अरे, तिला अजून कुणी विचारलंय कुठे!"