घोंगडीतली वाळू

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात एका ओढ्यावर दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. दोन्ही गावांत मिळून एकच बंधारा होता. उन्हाळा लागला की पाणी आटायचं आणि बंधाऱ्यातलं पहिल्या आठ दिवसांचं पाणी कुणी घ्यायचं यावरून भांडण पेटायचं.

ते भांडण मिटवायची रीत अशी होती की दोन्ही गावांनी आपापला एक गडी पाठवायचा. दोघांनी मुठींनी लढायचं. ज्याचा गडी जिंकेल, त्या गावाचं पाणी. तहान सगळ्यांना सारखीच लागते, मग पाण्याचा निकाल कुणाच्या तरी जबड्यावर का लावायचा, असं कुणीच विचारत नव्हतं. रीत म्हटली की माणसं विचारायचं विसरतात.

निदान एक गोष्ट त्या रीतीत शहाणपणाची होती. लढतीआधी वडाच्या फांदीला मोठा तराजू टांगायचे आणि दोन्ही गड्यांना दोन पारड्यांत बसवायचे. काटा सरळ उभा राहिला तरच लढत. जोडीचा गडी देता आला नाही, तर त्या गावाने पाण्यावरचा हक्क सोडायचा. गड्याने मात्र आपल्या गावाची घोंगडी पांघरूनच पारड्यात बसायचं, कारण घोंगडी म्हणजे गावाचा मान. तिला हात लावून पाहणं हा अपमान समजला जाई.

वरच्या गावाचा गडी होता धुळोबा. दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागेल एवढा दांडगा. पण गेल्या वर्षापासून त्याला आपल्याच मुठीची धास्ती बसली होती. बरोबरीच्या गड्याला त्याने एक ठोसा लगावला आणि त्या बिचाऱ्याने तीन महिने जबडा बांधून पेज प्यायली. जिंकूनही धुळोबाला तेव्हा घास गोड लागला नव्हता.

यंदा खालच्या गावाचा भारी गडी पाठीत उसण भरून अंथरुणावर पडला. तरीही त्यांनी कानिफ नावाचा एक तरुण पाठवला. घोंगडी घट्ट लपेटून, जड पावलं टाकत तो आला आणि पारड्यात बसला. समोरच्या पारड्यात धुळोबा बसला. काटा डोलला, डोलला आणि सरळ उभा राहिला.

“जोड जमली!” निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादांनी पुकारलं.

घोंगड्या उतरल्या आणि सगळे बघतच राहिले. कानिफ म्हणजे उसाचं कांडं!

“अरे, हा मघाशी एवढा भरला कसा?” वरच्या गावातलं कुणीतरी ओरडलं.

“हाडं जड आहेत आमच्या कानिफची!” खालच्या गावाने उत्तर दिलं.

“मग मांस घरी ठेवून आलाय वाटतं!”

हशा पिकला. वस्तादांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तराजूचा शब्द अखेरचा. त्यांनी हात खाली केला आणि लढत सुरू झाली.

कानिफ चपळ होता. डावीकडून आला, उजवीकडून आला, धुळोबाच्या बरगड्यांवर चार ठोसे देऊन लांब सरला. धुळोबाला ते जेमतेम जाणवले. त्याने अंदाज घ्यायला म्हणून खांद्यावर नुसता हात टेकवावा तसा एक ठोसा दिला, तर कानिफ तीन हात मागे जाऊन पडला.

तो उठला. मातीत उमटलेल्या पावलांकडे धुळोबाची नजर गेली. त्याची स्वतःची पावलं बोटभर खोल रुतली होती. कानिफची नुसती उमटली होती, शेळीची उमटावीत तशी. हा आपल्या जोडीचा नाही!

तेवढ्यात कानिफ पुन्हा अंगावर आला. या वेळी तो दमला होता आणि त्याची हनुवटी उघडी पडली होती. धुळोबाची मूठ वर गेली. समोर त्या पोराने डोळे गच्च मिटले, पण मागे सरला नाही.

धुळोबाने मूठ उघडली आणि हात खाली सोडले.

रिंगणाभोवती गलका उठला. वरच्या गावाचे कारभारी काठापर्यंत धावत आले. “धुळोबा! पाण्यावाचून मळे वाळतायत आपले. आणि तुला आत्ता दया सुचतेय?”

“कारभारी, ही जोड नाही. हा मरेल.”

“तराजूपेक्षा तुला जास्त कळतं?”

कानिफ हळूच म्हणाला, “दादा, मारा हो. हरून घरी गेलो तर चालेल. दया घेऊन गेलो तर तोंड कसं दाखवू?”

“तुला लाजेची पडलीय,” धुळोबा म्हणाला, “आणि मला तुझ्या जिवाची.”

तो वस्तादांकडे वळला. “वस्ताद, घोंगड्या काढून पुन्हा तोला आम्हाला.”

वस्तादांनी मान हलवली. “हात सोडलास, धुळोबा. रीतीप्रमाणे तू हरलास. हरलेल्याला तोल मागता येत नाही.”

खालच्या गावाने जल्लोष केला. वरच्या गावाच्या बायकांनी कपाळाला हात लावला. यंदा मळे जाणार! धुळोबा मान खाली घालून उभा राहिला. हरल्याचं दुःख होतंच, पण छातीवरची धोंड उतरावी तसं त्याला वाटलं. ते पोर जिवंत होतं.

कानिफच्या लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले. तो बाजूला झाला. सरळ वडाखाली गेला आणि उघड्या अंगाने पारड्यात जाऊन बसला.

“जिंकलेल्याला तर तोल मागता येतो ना, वस्ताद?” तो म्हणाला. “मी मागतो. बसा दादा.”

“कानिफ, गप खाली उतर!” त्याच्याच गावातून कुणीतरी दटावलं.

तो उतरला नाही. धुळोबा दुसऱ्या पारड्यात बसला मात्र, कानिफचं पारडं सणकन वर गेलं आणि त्याचं डोकं वडाच्या पानांत शिरलं. आधी पोरं हसली. मग कुणीच हसेना. वस्तादांनी खालच्या गावाची घोंगडी उचलली, तिच्या दुमडीची शिवण उसवली आणि भरभरून ओढ्यातली वाळू खाली पडली. वाळूचा एवढा ढीग झाला, की त्यात एखादं वासरू बसलं असतं.

“फसवणूक!” वरचं गाव गरजलं. “पाणी आमचं!”

“कुणाचंच नाही,” वस्ताद म्हणाले. “एका गावाने पोराला मरायला पाठवलं आणि दुसरं गाव ‘मार’ म्हणून ओरडत होतं. आज या रिंगणात शुद्धीवर होते ते दोघेच, आणि दोघे त्या पारड्यांत बसलेत. इतकी वर्षं आपण माणसं तोलली. आता पाणीच मोजू. तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की पाणी दुसऱ्या गावाच्या पाटात वळवायचं. एक पाळी वरच्यांची, एक खालच्यांची.”

कारभाऱ्यांनी बोटांवर पाळ्या मोजून पाहिल्या. मग ते पुटपुटले, “दोघांचेही मळे जगतील की असं.” आणि हा हिशेब इतका सोपा होता, की आजवर तो न सुचल्याची सगळ्यांनाच शरम वाटली.

त्याच दिवशी पाटाला पाणी सुटलं. पुन्हा त्या बंधाऱ्यावर कुणी कुणाशी लढलं नाही.

पाटाच्या काठावर दोघे पाय सोडून बसले असताना कानिफने विचारलं, “दादा, खरं सांगा. तो ठोसा बसला असता तर?”

“तर तू एकदाच मेला असतास,” धुळोबा म्हणाला, “आणि मी रोज.”

कानिफने पाण्यात पाय आपटून त्याला चिंब भिजवलं. तो दांडगा गडी वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसला.

तात्पर्य: जो आपल्या बरोबरीचा नाही त्याच्यावर उगारलेला हात आवरणं, हाच बलवानाचा खरा विजय.