कुरकुरणारा घाणा

फार फार पूर्वी, जनावरं आणि माणसं एकमेकांचं बोलणं ऐकून घेत असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात एक तेली होता. त्याच्या घाण्याचा कधी आवाज येत नसे. रोज सकाळी तो लाकडाच्या सांध्यात तेल सोडी आणि म्हणे, "घाणा कुरकुरला, की तेली आळशी समजावा." गावातही त्याचं नाव होतं.

त्याच्या कुत्र्याची नजर हळूहळू गेली. मग त्या जिवाला क्षणभर स्वस्थता उरली नाही. उठे, दोन पावलं जाई, कशाला तरी धडके, परत फिरे. तेली घाण्यापाशी उभा राहून हाक मारी, "इकडे, इकडे ये!" त्याच वेळी तेलीण चुलीपाशी टाळी वाजवी, "इकडे रे, माझ्या राजा!" कुत्रा मधल्यामध्ये भोवऱ्यासारखा फिरत राही.

एकदा तो परसातल्या विहिरीच्या काठावरच पोचला. एक पाय पुढे, हवेत. तेल्याने धावत जाऊन त्याला उचललं आणि खुंटाला बांधून टाकलं.

मग तर कुत्रा खाईनासाच झाला. दोरी ओढून ओढून त्याची मान सोलवटली. पुढ्यातल्या भाकरीला मुंग्या लागत.

"तुझे डोळे तर रोज बांधतात," तो घाण्याच्या बैलाला म्हणाला. "तू कसा धडकत नाहीस?"

"मानेवरचं जू मला सांगतं, घाणा कुठे आहे ते," बैल म्हणाला. "तुझ्या मानेला नुसती दोरी. ती ओढते, सांगत काहीच नाही."

संक्रांत जवळ आली. तिळाची घाई उडाली आणि तेली सांध्यात तेल सोडायला विसरला. घाणा कुरकुरू लागला.

कुत्र्याने दोरी ओढणं थांबवलं. कान टवकारले. तेलिणीने ते पाहिलं आणि गाठ सोडली. कुत्रा घाण्याला वळसा घालून पाण्याच्या भांड्याशी गेला, पाणी प्यायला, दारापर्यंत जाऊन परत आला. कुठेही धडकला नाही.

"अरे देवा, लोक ऐकतील!" म्हणत तेल्याने सांध्यात तेल ओतलं. घाणा गप्प झाला. कुत्रा थबकला, गोल गोल फिरला आणि भिंतीवर आपटला.

तेलिणीने नवऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली. "अहो, लोकांना ऐकू द्या. त्यालाही ऐकू द्या." आणि तिने राखेने सांधा कोरडा केला.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक हसलं, "काय हो, तेल्याच्याच घरचं तेल संपलं वाटतं!"

तेल्याची मान खाली गेली. तेवढ्यात कुत्रा त्या आवाजाच्या कडेकडेने आला आणि त्याच्या पायाशी बसला. कितीतरी दिवसांनी तो असा बसला होता.

तेल्याने मान वर केली. "तेल आहे," तो म्हणाला. "पण ही कुरकुर म्हणजे याची वाट आहे. ती पुसायची नाही."

त्या दिवसापासून घाणा कुरकुरतच राहिला. घाणा थांबला, की कुत्रा बैलाच्या पायाशी निजे. आणि ती दोरी तेलिणीने विहिरीच्या पोहऱ्याला बांधली.

तात्पर्य: ज्याला दिसत नाही त्याला ओढू नये, त्याला एक खूण द्यावी, आणि आपल्या मानासाठी ती पुसू नये.