तळ्याचा कारभार

माणसांनी अजून विहिरी खणल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. रानातल्या तळ्याचा कारभार पंचांनी कासवाकडे दिला होता. कासव तळ्याला फेरी घालून पाणी तपासायचं आणि मगच प्यायची परवानगी द्यायचं. फेरी संपेपर्यंत दिवस मावळायचा. पण आपल्यावाचून रानाचं अडेल, अशी त्याची खात्री होती.

कंटाळून पंचांनी तळं रेड्याला देऊन टाकलं. रेड्याने परवानगीची भानगडच बंद केली आणि स्वतः तळ्यात पसरला. पाण्याचा चिखल झाला. तहानलेलं पाडस घेऊन हरिणी कासवाकडे आली.

कासव तळ्यावर गेलं. "रेडोबा, उठा."

"कासवबुवा, कारभाऱ्याला पाण्यातून उठवू नये, हा नियम तुमचाच ना?"

नियम त्याचाच होता. कासवी गेली त्या वर्षी, जरा एकटं बसता यावं म्हणून त्याने तो केला होता.

मग आयुष्यात प्रथमच कासवाने नियम मोडला. त्याने रेड्याच्या शेपटीला कडकडून चावा घेतला. रेडा बोंबलत काठावर आला, मागे लोंबकळत कासव. गाळ खाली बसल्यावर पाडसाने विचारलं, "कासवआजोबा, पिऊ का?"

तोंडात शेपूट होतं म्हणून बरं, नाहीतर कासव म्हणालं असतं, "थांब, आधी फेरी घालून येतो."