म्हाकूच्या ओळी

पाहुणं, आधी त्या बाभळीच्या सावलीला टेका, पाणी प्या, आणि मग समोरच्या उतारावर नजर टाका. बघितलंत? गवताची एक ओळ, मग उघडा मुरूम, पुन्हा गवताची ओळ, पुन्हा मुरूम. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळं असंच, आडवं. इथं कुणी नांगर धरला नाही की बी टाकलं नाही. मधल्या पट्ट्यात कुसळसुद्धा उगवत नाही. एका साली गावानंच हौसेनं वरचा एक पट्टा कुदळला आणि त्यात गवताचं बी टाकलं. ते काही आलं नाही, उलट त्याच्या खालची चांगली ओळ वाळून गेली. तेव्हापासून त्या पट्ट्यांना कुणी हात लावत नाही. याला म्हाकूचा माळ म्हणतात. का ते सांगतो, पण मध्ये हसू नका. हसण्यासारखं यात काही नाही.

म्हाकू ही धुळा धनगराची बायको. फार जुनी गोष्ट, आमच्या आज्याच्या आज्यानंही ती ऐकलेलीच. धुळाची हाळी म्हणे साऱ्या माणदेशात नावाजलेली होती. तो घोंगडं खांद्यावर टाकून एकदा हाळी द्यायचा आणि पांगलेला कळप मान वर करून त्याच्यामागं चालू लागायचा. हौशी गडी, मनाचा वाईट नव्हता. पण त्या हाळीचा त्याला भारी ताठा.

म्हाकू त्याला म्हणायची, "आवं, मला बी शिकवा की ती हाळी. तुमी कुटं गेलासा तर?"

तो हसायचा. "तुला शिकवली तर मग मला कोन इचारनार?"

एका दुपारी धुळा झाडाखाली झोपला होता. म्हाकूनं ऐकून ऐकून हाळी उचललेलीच होती. तिला राहवलं नाही, तिनं हळूच दिली. एक बांडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मेंढी उठली, शेपूट हलवत तिच्याकडं आली. म्हाकूला कोण आनंद झाला! तेवढ्यात धुळाला जाग आली. त्यानं बायकोला शब्दानं दुखवलं नाही, पण काठी घेऊन सगळ्या कळपासमोर त्या मेंढीला झोडपलं. मुकं जनावर ओरडत राहिलं आणि म्हाकू मध्ये पडली तरी तो थांबला नाही.

तिथून पुढं त्याला तो नादच लागला. वाटेत भेटेल त्या धनगराला तो हाळी द्यायला लावायचा, आणि जे मेंढरू पाय उचलेल त्याला मारायचा. शेवटी धुळाशिवाय देव जरी हाळी देऊन गेला असता, तरी कळप जागचा हलला नसता. लोक वाहवा करायचे. चोराचं भय उरलं नाही म्हणायचे. म्हाकू मात्र त्या बांड्या मेंढीच्या पाठीला हळद लावताना रडायची.

मग पाऊस रुसला. मृग गेला, हत्तीचं नक्षत्र गेलं, ढग नुसते वरून जात राहिले. फिरत फिरत धुळाचा कळप या माळावर आला. पायथ्याला झरा होता, माळावर वाळकं का होईना गवत होतं. ते संपत आलं तेव्हा पुढचं रान बघायला आणि गावकऱ्यांची परवानगी काढायला धुळा एकटाच निघाला. धनगराची रीतच आहे ती, कर्त्या माणसानं पुढं जायचं. जाताना म्हणाला, "चार दिसांत येतो. मेंढरं हितंच असूंदे."

ती म्हणाली, "आन तुमाला उशीर झाला तर?"

"तर वाट बघ," एवढं बोलून तो गेला.

चाराचे आठ दिवस झाले. झरा आटला. मग कुणी वाटसरू आला आणि त्यानं धुळाची काठी आणि घोंगडं म्हाकूपुढं ठेवलं. कृष्णेच्या अलीकडं एका वडाखाली तो तापानं गेला होता. शेवटपर्यंत हाळी देत होता म्हणे. तिथं ती ऐकायला एक मेंढरू नव्हतं.

म्हाकूला रडायलाही सवड नव्हती. दीड कोसावर नदीच्या डोहात पाणी होतं. तिथवर कळप नेला असता तर सगळी वाचली असती. तिनं घोंगडं अंगावर घेतलं, काठी धरली आणि अगदी त्याच्यासारखी हाळी दिली. मेंढरांनी कान टवकारले, पण एकही उठलं नाही. तिनं ओढलं, ढकललं, पाया पडली. काठी बघून मेंढरं आणखीच अंग चोरून बसली. उतारावर मेंढरं बसतात तशी आडव्या ओळींनी बसली होती, एकीखाली एक.

त्या सालच्या कोकरांनी मात्र कधी मार खाल्ला नव्हता. ती तिच्या हाळीवर उठली आणि उड्या मारत तिच्यामागं डोहावर गेली. त्यांच्या आया बसल्या जागी ओरडत होत्या, पण पाय उचलत नव्हत्या. काय म्हणावं या भीतीला!

खालच्या वाडीतल्या बायांनी कोकरं ठेवून घेतली आणि म्हाकूचा हात धरला. "बाई गं, आता वर जाऊ नगंस. तू तरी वाच."

म्हाकू म्हणाली, "माझ्या हाळीवर उठली म्हनून त्या बांडीनं मार खाल्ला. तितनं ह्ये सगळं झालं. त्यास्नी तशीच टाकून मी भाकर कशी खाऊ?"

मग ती घागर भरून वर चढायची आणि त्या ओळींच्या मधून चालत एकेकीच्या तोंडात ओंजळीनं पाणी घालायची. पुन्हा खाली, पुन्हा वर. माथ्यावरच्या ओळीपर्यंत पाणी पोचायचंच नाही. स्वतः घोटभर प्यायची नाही. तेवढ्या पाण्यात आणखी एक जगेल म्हणायची. चालताना तोंडानं हाळी चालूच, पुढं पुढं नुसता घोगरा आवाज. एकेक ओळ गळून पडत गेली. शेवटी बांडीच्या पाठीवर हात ठेवून म्हाकूही तिथंच आडवी झाली. वाडीतले लोक वर आले तेव्हा सगळं शांत होतं. बाया-बाप्ये सगळे धाय मोकलून रडले.

पाऊस आला तो पुढच्या साली. जिथं मेंढरं बसली होती तिथं गवत उगवलं, आणि जिथून म्हाकू चालली तिथं काहीच उगवलं नाही. असं सांगतात की ती जागा अजून पाणी पीत नाही. पडेल तो थेंब ती खालच्या ओळीला देऊन टाकते. पावसात येऊन बघा, उघड्या मुरमावरून पाणी सरळ उतरतं आणि गवताच्या बुंध्याशी जाऊन थांबतं.

या भागातल्या वाड्यांत आजही नवी नवरी आली की तिला लगेच उंबरा ओलांडू देत नाहीत. हळदीच्या दिवशीच नवऱ्यानं तिला आपली हाळी शिकवलेली असते. दाराबाहेर कळप उभा करतात. नवरा पाठ फिरवून तोंड मिटून उभा राहतो, आणि नवरी हाळी देते. पहिल्यांदा लाजते, आवाज फुटत नाही, पोरी खिदळतात. म्हाताऱ्या मात्र पदराचा बोळा तोंडाशी धरून मेंढरांच्या पायांकडं बघत असतात. कळप उठून तिच्याकडं चालू लागला की मगच सासू तिचा हात धरते आणि म्हणते, "ये बाई आत. आता आमच्यातलं कुनी माघारी आलं न्हाई, तरी मेंढरं उठतील."