ताटातली चिठ्ठी

पुण्याचे व्हिडिओ एडिटर भार्गवराव टिळेकर म्हणजे बडं प्रस्थ. जळगावच्या एका शाळेच्या शताब्दीची फिल्म त्यांनी आपल्या महागड्या कॉम्प्युटरवर जोडली आणि पुढचं काम करायला तिथल्याच शलाका वाघुळदेकडे पेनड्राइव्ह पाठवला. रविवारी कार्यक्रम होता. शलाकाने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, तर कुठलं दृश्य कुठे लावायचं याची यादी तेवढी निघाली. शूटिंगचा पत्ताच नव्हता. तिने तसं फोनवर कळवलं.

"सगळं त्यात आहे. तुमच्या स्वस्तातल्या मशीनला वाचता येत नसेल," असं सुनावून भार्गवराव स्वतःच जळगावात येऊन थडकले. दोन तास झटले, तरी पडदा काळाच. शेवटी "हिच्याकडून काम काढून घ्या," असं मुख्याध्यापकांना बजावून ते शलाकाच्याच घरी जेवायला बसले.

शलाकाने ताट मांडलं. ताटात फक्त एक चिठ्ठी होती : आधी भरीत, मग कळण्याची भाकरी, शेवटी ताक.

"अहो, जेवण कुठाय?"

"सगळं त्यात आहे, सर," शलाका अदबीने म्हणाली. "आमचं ताट स्वस्तातलं आहे ना, त्याला वाचता येत नसेल."

भार्गवरावांनी पुण्याला आपल्या ऑफिसात फोन लावला. तिथेच राहिलेली शूटिंगची हार्ड डिस्क जळगावला यायला निघाल्याचं कळलं, तेव्हा आतून भरीत आलं.