अडुळशावर लावलेली गळती

भाविकहो, सखाहरी महाराज शेवरगावात राहिले ते एकच वैशाख. पण तो महिना गाव अजून विसरलेले नाही. ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ, देवळासमोर लांब दगडी ओट्याची धर्मशाळा. महाराज उतरले तिथे. उतरले म्हणायचे एवढेच. बसलेले त्यांना कुणी पाहिले नाही. पहाटेपासून ओट्यावर येरझारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. बायका दर्शनाला येत, पायांवर डोके ठेवायला वाकत, तोवर पाय पुढे निघून गेलेले असत. लोक त्यांना 'चालते महाराज' म्हणू लागले.

देवळाच्या भिकू गुरवाने एकदा हात जोडून विचारले, "म्हाराज, घडीभर टेकत का न्हाई?"

महाराज चालता चालताच म्हणाले, "गावात कुणीतरी तहानलेलं आहे रे. कोण ते कळत नाही. कळेपर्यंत बसवत नाही."

भिकूने सगळे रांजण उघडून पाहिले, गाईंना पाणी दाखवले, परटाच्या गाढवालाही दाखवले. महाराज चालतच होते.

देवळाच्या मागे, हाकेच्या अंतरावर, ठकूबाई कुंभारणीचे अंगण होते. उन्हाळा म्हणजे कुंभाराची सुगी. नवरा माठांची गाढवे घेऊन बाजारांना गेलेला, आणि घरी चाक गरगरत असायला हवे. पण चार दिवस चाक बंद होते. मळलेली माती ओल्या फडक्याखाली वाळून चालली होती. ठकूबाई चाकापाशी बसे, उठे, घरात जाई, कोपऱ्यातल्या सुपावर वाकून बघे, परत येई. मातीत हात घाली, तसेच मातीचे हात घेऊन पुन्हा सुपाकडे.

सुपात एक घोयरा, रंग बदलणारा सरडा होता.

तीन वर्षांपूर्वी मडकी भाजायचा आवा पेटवताना झुडपांच्या काटक्यांत तिला एक डोळा फिरताना दिसला होता. हातातला पेटता पलिता तिने तसाच मातीत खुपसला, काटक्या उपसल्या आणि हा निघाला. अंगणातल्या अडुळशावर सोडला, तिथेच राहिला. एक पाय उचलायचा, पुढेमागे डुलायचे, विचार करायचा, मग टाकायचा. ठकूबाईचे सासरे म्हातारपणी थेट असेच चालत. म्हणून ती त्याला मामंजी म्हणे. अडुळशाजवळून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करी. आळीतल्या बायका हसत. ठकूबाईही हसे, पण पदर सारखा करायची चुकत नसे.

आता त्याच मामंजींचे डोळे खोल गेले होते. भर दुपारी मिटलेले. अंगाचा रंग विझल्या कोळशासारखा. पूर्वी बोटाला पकडले की सुटत नसत. आता पायांची पकड बोटावरून आपोआप निसटे.

तिने काय करायचे बाकी ठेवले होते? वाटीत दूध ठेवले, तोंड लावले नाही. गूळपाणी ठेवले. कापसाची वात भिजवून ओठांशी धरली, पाणी हनुवटीवरून ओघळून गेले. हळद लावली. सुपाखाली गार वाळू घातली. नाकतोडा पकडून समोर धरला. तो नाकतोडाच कंटाळून उडून गेला. तिची काही हरकत नव्हती, पण त्या उडण्याकडे मामंजींनी डोळासुद्धा फिरवला नाही, तेव्हा मात्र ठकूबाईने वाटी बाजूला सारली.

पाचव्या दिवशी सकाळी ती सूप घेऊन अंताजीपंत वैद्यांच्या ओसरीवर गेली.

अंताजीपंत नाणावलेले वैद्य. हाताला गुण होता, हे खोटे नाही. पण गुणाचा डंका पंत स्वतःच वाजवीत, मग ऐकणाऱ्याला वाजवायचे काही उरत नसे. त्या दिवशी ओसरी भरलेली होती. सुपात काय आहे ते पाहून पंतांनी उपरणे सावरले.

"ठके, नाडी बघायची म्हणतेस? कुठली धरू? पुढच्या पायाची की शेपटीची?"

ओसरी हसली.

"पंत, डोळं उघडंना झालंय. काय पाजू तेवढं सांगा. तुमच्या पाया पडते."

"अगं, वात, पित्त, कफ कशाने ठरवतात? रंगावरून. आणि याचा तर रंगच ठरत नाही! सकाळी पित्त, दुपारी कफ!" पंतांनी एक पुडी बांधली. "ही घे. त्याला नाही, तुला. मधातून चाट, डोकं ठिकाणावर येईल. आणि ऐक, आज वैशाखी प्रदोष आहे. दिवस मावळता महादेवाला गळती लावायची. मडकं तयार ठेव, वाजतगाजत न्यायला येतो आम्ही. त्यात कुचराई चालायची नाही."

गळती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पिंडीवर टांगलेले बारीक भोकाचे मडके, वैशाख सरेपर्यंत थेंब थेंब पाणी. त्या गावात हा मान पंतांच्या घराण्याचा आणि मडके घडवायचे कुंभाराच्या. ठकूबाईने ते कधीच घडवून, भाजून, कोऱ्या कापडात बांधून ठेवले होते.

पुडी तिने घेतली. नाही म्हणायचे तिला सुचलेच नाही. ती परत निघाली, पण पायांना घर नको होते. घरी जाऊन पुन्हा तीच वाटी, तीच वात. ती देवळाला वळसा घालून धर्मशाळेपाशी आली आणि येरझारा घालणाऱ्या महाराजांच्या मागे मागे चालू लागली. सूप हातात, आणि बोलणे चालता चालताच.

"म्हाराज, माझं मामंजी काय पीत न्हाईत. चार दिस झालं. दूध दिलं, गूळपानी दिलं..."

महाराज थांबले.

ओट्यावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. महाराज थांबलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

सुपात वाकून महाराज म्हणाले, "हे होय ते! अगं पोरी, वाटी याच्या बापाने तरी पाहिली होती का? साचलेलं पाणी याला पाणी वाटतच नाही. वरून थेंब पडावा, पानावर थरथरावा, उन्हात चमकावा, तेव्हा याला कळतं की हे आपलं. पहाटेचं दव पिऊन राहणारा जीव हा. याचं झाड कुठे आहे?"

"अंगनात. अडुळसा. पर औंदा पानंच न्हाईत त्येला. काढ्यासाठी पंतांचा गडी वरबाडून घिऊन गेला. खाली चार पानं ऱ्हायलीत."

"पानं गेली तिथे दव कशावर पडणार?" महाराज म्हणाले. "जा. झाडावर ठेव त्याला, आणि वर गळती लाव."

ठकूबाईचा चेहरा उतरला. मडक्याला भोक पाडायचे ते कच्च्या मातीत, काट्याने. भाजलेल्याला पाडायला गेले की तडकते. नवे घडवून, वाळवून, भाजायचे तर आठ दिवस जातात.

"भोकाचं मडकं एकच हाय, म्हाराज. त्ये म्हादेवाचं. आज सांजच्याला न्यायचं हाय."

"महादेवाला तहान लागून किती दिवस झाले?"

तिने सुपाकडे पाहिले.

"आणि याला?"

"चार दिस."

"मग?"

"देव रागावला तर?"

"तर माझं नाव सांग." महाराज हसले. "पंत रागावतील. त्याला मात्र माझ्याकडे औषध नाही."

ठकूबाई पळतच घरी आली. कोरे कापड सोडले. अडुळशावर तीन बांबूंचे तिकाटणे उभे केले, मडके टांगले, भोकात दर्भाची काडी घातली, पाणी भरले. मामंजींना खालच्या फांदीवर ठेवले. पकड राहीना म्हणून लुगड्याच्या चिंधीने सैलसे बांधले. पहिला थेंब पानावर पडला. टप्. ओघळून मातीत गेला. दुसरा. तिसरा.

मामंजी जागचे हलले नाहीत.

ती समोर उकिडवी बसली. उठली. मडके एक बोटभर सरकवले. पुन्हा बसली. कधी वाटे थेंब फार जोरात पडतोय, कधी वाटे फार उशिराने. उन्हे कलायला लागली, अंगणातली सावली कुडावर चढली, आणि दुरून ताशाचा आवाज येऊ लागला. ठकूबाईने हात जोडले. कुणाला ते तिचे तिलाही कळले नाही. महादेव, महाराज, मामंजी, सगळे एकाच दिशेला तर होते.

मिरवणूक अंगणात शिरली. पुढे अंताजीपंत, जरीचे पागोटे, हातात पूजेचे तबक. त्यांच्या मागोमाग, न बोलावता, महाराजही आले आणि कुडाशी फेऱ्या घालू लागले.

पंतांनी तिकाटणे पाहिले. मडके पाहिले. मडक्याखाली कोण आहे ते पाहिले. ताशा आपोआप थांबला.

"ठके! देवाचं मडकं... सरड्याला?"

"पंत, लई तान्हेला हाय वो. येवढा पिऊ द्या..."

"उष्टावलंस! आता पिंडीवर काय लावू मी? तुझं कपाळ? उरला वैशाख महादेव कोरडा राहणार, या... या किरड्यापायी!"

एवढ्यात देवळाकडून भिकू गुरव धावत आला. धोतराचा सोगा हातात, डोळे पांढरे. "पंत, पंत! पिंडीवर पानी पडाया लागलंय! मडकं टांगायची कडी मोकळी हाय, वर कायबी न्हाई, आन् थेंब पडतुया!"

"छत गळत असेल."

"वैशाखात?"

कुणीतरी हसले. पंतांचा तोल गेला. "बंद कर आधी हे थेर!" म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मडक्याचे भोक अंगठ्याने दाबून धरले.

लगेच देवळातून बायकांचा गलका आला, "थांबलं गं! पानी थांबलं!"

पंत चपापले. त्यांनी अंगठा काढला. टप्.

"पडलं! पडलं!"

अंगणातले सगळे पंतांच्या अंगठ्याकडे बघू लागले. पण पंत शेवटी वैद्य. एका लक्षणावर निदान करणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी पुन्हा भोक दाबले. "थांबलं!" सोडले. "पडलं!" तिसऱ्यांदा हळूच, कुणाला कळू नये असे, उपरण्याआडून दाबले. देवळातून तितक्याच ठणठणीत आवाजात, "थांबलं!"

"पंत," महाराज म्हणाले, "आणखी किती वेळा पारखणार? तिकडे देव खोळंबलाय, इकडे मामंजी."

पंतांनी खाली पाहिले. फांदीवरच्या त्या काळवंडलेल्या अंगात एक डोळा किलकिला झाला होता. मग दुसरा. घोयऱ्याचे डोळे एकमेकांचे ऐकत नाहीत हे तुम्ही पाहिले असेल. एक डोळा वळला तो पानाच्या टोकावर, जिथे मघापासून थेंब यायचा थांबला होता. आणि दुसरा वळला तो थेट अंताजीपंतांवर.

त्या डोळ्यात राग नव्हता. नुसती वाट पाहणे होते. रोज ओसरीवर बसलेल्या शंभर आजाऱ्यांच्या डोळ्यांत असते ते. पंतांनी ते इतकी वर्षे पाहिले होते, की हल्ली दिसेनासे झाले होते.

त्यांनी अंगठा काढून घेतला. थेंब फुगला, पानावर पडला, टोकाला येऊन लटकला. मामंजींनी मान जरा पुढे केली, तोंड उघडले आणि थेंब घेतला. गळ्याची कातडी हलली. दुसरा घेतला. तिसरा.

"प्याले वो! मामंजी प्याले!" ठकूबाई ओरडली, आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली.

आणि काय सांगू, चालते महाराज बसले! तिथेच अंगणात, पालथ्या घातलेल्या माठावर, मांडी घालून. "हुश्श," म्हणाले, "फार चाललो बुवा."

अंताजीपंत पुढे झाले आणि महाराजांचे पाय धरू लागले. महाराजांनी पाय मांडीत ओढून घेतले. "माझ्या पायांना आज विश्रांती घेऊ द्या. मडकं आज भरलंय, उद्या कोण भरणार तेवढं बघा. पानं तुमच्या काढ्यात गेलीत, पंत."

त्या दिवसापासून अंताजीपंत रोज सकाळी ओढ्यावरून घागर आणू लागले. स्वतः, खांद्यावरून. पहिले दोन दिवस पाणवठ्यावरच्या बायकांनी पोट धरून हसून घेतले; तिसऱ्या दिवशी एकीने त्यांना घागर खांद्यावर घ्यायची नीट रीत दाखवली. कारण पंत निम्मे पाणी पागोट्यावर सांडीत होते. पंत मडके भरत, आणि तिकडे मोकळ्या कडीखालची पिंड दिवसभर भिजे.

पण ठकूबाईचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. पाणी पितात, खात का नाहीत? रंग पालटला, पण पाठ अजून काळीच का? पंत तिला सांगत, धीर धर, आणि स्वतः दुपारी दोनदा येऊन बघून जात. नवव्या दिवशी जरीच्या पागोट्याचा तो मानकरी बांधावर नाकतोड्यामागे धावताना गावाने पाहिला. नाकतोडा त्यांनी काडीच्या टोकावर धरला. मामंजींची जीभ सुटली, काडी हलली, नाकतोडा नाहीसा. पंत आणि ठकूबाई एकाच वेळी "घेतला!" म्हणून ओरडले, आणि मग पंत उगीच खाकरले.

अडुळशाला कोवळी पाने फुटली. चिंधी सोडली गेली. पाठीवर हिरवा आला.

वैशाख सरला त्या दिवशी महाराज निघाले. निरोपाला सारे गाव ठकूबाईच्या अंगणात जमले. महाराज म्हणाले, "पंत, मामंजींची नाडी बघायची राहिली होती ना?"

पंत हसले नाहीत. ते अडुळशाजवळ गेले, आणि त्या अंगणात सगळ्यांसमोर गुडघे टेकून, पागोटे फांदीला लागेल इतके खाली वाकले. "ठकूबाई," ते म्हणाले, "तुझी पुडी परत दे. ती माझी होती."

"मधातनं कवाच चाटली जी," ठकूबाई म्हणाली. "वाया कशाला घालवायची!"

सगळे हसले, पंतही. हसून उठणार, तोच महाराजांनी हात वर केला. "थांबा पंत. हलू नका."

मामंजींनी फांदीवरून एक पाय उचलला होता. पुढेमागे डुलले. विचार केला. मग तो पाय अंताजीपंतांच्या पागोट्यावर टाकला. मग दुसरा उचलला.

पागोट्यावर ते लाल झाले असे कुणी सांगतात, कुणी म्हणतात जरीचे. ते राहू द्या. पागोट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जायला मामंजींना बराच वेळ लागला, एवढे नक्की. ठकूबाईने पदर सारखा केला. अंताजीपंत श्वास रोखून, मातीत हात टेकून, तसेच वाकून राहिले. आणि महाराज, ज्यांना निघायची घाई होती, ते पुन्हा माठावर बसले आणि मामंजी पलीकडे उतरेपर्यंत थांबले.