एकदाच दबणारी कडी

एकदा दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या एका अणुभट्टीच्या खोलीत, एका लोखंडी पेटीच्या बोल्टवरची पिवळी रेघ केसाएवढी सरकलेली एका शिकाऊ मुलीला दिसली. बोल्ट आवळून झाला की त्यावरून पेटीपर्यंत अशी रेघ ओढतात. बोल्ट हलला तर रेघ तुटते. पेटीत दाब मोजणारे यंत्र होते. अपघात होऊन सारी खोली वाफेने भरली, तरी त्या यंत्राने बाहेरच्यांना खरे तेच सांगत राहावे, एवढ्यासाठी ती पेटी बंदिस्त.

मुलीला फक्त पाहून नोंद करायला पाठवले होते. पण तिचा जीव मुळात भित्रा. आत ओल शिरली असली तर? तिने झाकण उघडले. आत सारे कोरडे. हुश्श करून तिने ते पुन्हा लावले, बोल्ट नीट आवळले आणि नवी रेघ अगदी सरळ ओढली. कोणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये तिचे गुरू, निवृत्तीला आलेले एक फिटर, दुसऱ्याच एका पेटीच्या झाकणाखालची, वाफ आत शिरू न देणारी रबरी कडी हातात घेऊन बसले होते. कडी नव्यासारखी चकचकीत. त्यांनी कात्री उचलली आणि कचकन तिचे दोन तुकडे केले.

मुलगी दचकली. "अहो काका! चांगली होती की!"

"म्हणूनच कापली. फाटकी असती तर कोणी परत उचलली नसती."

"म्हणजे?"

"ती एकदाच दबते, पोरी. झाकण उघडलं की तिचं काम संपलं. परत लावली तर बसते, गुमान बसते. रोजच्या दिवशी तिला कोणी काही विचारतच नाही ना! विचारणार ती वाफ. आपण झाकण उघडतो ते आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पेटीला त्याचं काय?"

मुलीने कापलेला एक तुकडा उचलला. "आणि... कोणी तीच परत लावली असेल तर?"

गुरूंनी तिच्याकडे नीट पाहिले. "भट्टीच्या खोलीचं दार आज किती वाजता बंद होतंय?"

"चारला."

"आत्ता?"

"पावणेतीन."

दार लागले की भट्टी सुरू होणार. मग त्या खोलीत महिनोन्‌महिने कोणी जाणार नाही. थांबवायचे तर सगळ्यांचा खोळंबा, आणि तिची नोकरी कायम व्हायची तीही लटकणार.

"काका, तुम्ही सांगता का? तुमचं ऐकतील."

"ऐकतील गं. पण कुठली पेटी, का उघडली, हे विचारतील. मी काय सांगू?"

त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः उठून कपाटातून नवी कडी शोधू लागले.

तिने कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. न उचलला तर बरंच, असे क्षणभर मनात आले, आणि भट्टीपेक्षाही त्या विचाराचीच तिला जास्त भीती वाटली. घंटा थांबली. तिने पुन्हा नंबर लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावताना तिने खुर्ची सोडून उभे राहून रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हां, कंट्रोल रूम. बोला."